शेपटाचं पाणी

कळंब्याच्या वाटेवरच्या मळ्यांना एका जुन्या तळ्याचं पाणी पाटानं मिळे. ते वाटायचं काम दस्तगीरमामांकडं होतं. पाळी पाटाच्या शेपटापासून, म्हणजे सगळ्यात खालच्या मळ्यापासून सुरू होई, आणि मामांना रोज एका घरची भाकरी येई. शेपटाच्या मळ्यात पाणी पोचल्याशिवाय मामा घास मोडत नसत. तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. दुसरा नेम वर्तमानपत्राचा. सकाळी रंकाळा वेशीत चहा आणि पेपर, मग खांद्यावर खोरं.

१९४८ च्या एप्रिलात पेपरात आलं, की पूर्व पंजाबानं पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी बंद केलं. मामांनी बातमी हौसेनं पाटावर सगळ्यांना सांगितली आणि तिथंच फसले. दुसऱ्याच दिवशी वरच्या मळ्यातल्या आकारामानं पाटात बांध घालून सगळं पाणी आपल्या उसात वळवलं. खाली शेपटाला पिराजीचा ऊस करपत चालला होता. ही पाळी चुकली तर तो हातचा जाणार होता.

"आकाराम, बांध काढ," मामा म्हणाले.

"का म्हणून? मी वरचा हाय. सरकारनं केलं तर चालतंय, आन् मी केलं की पाप व्हय?"

"सरकारचं मला काय इचारतोस? हा पाट शेपटापासनं चालतोय."

"मामा, बाजू पिराजीची घेताय का पाकिस्तानची?"

मामा हसले. "पिराजी पाकिस्तान कवा झाला रं? काल माझ्याकडनं तंबाखू मागून न्हेली की. आधी सांगितलं असतंस तर जकात घेतली असती!"

त्या दिवशीची भाकरी नेमकी आकारामाच्या घरची. त्याची बायको बनाबाई पाटी घेऊन आली. झुणक्याच्या वासानं मामांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तरी ते म्हणाले, "परत घेऊन जा, पोरी. शेपटाला पाणी न्हाय."

"म्हंजे माझ्या मळ्यातनं उपाशी जाणार?"

"ते तुझ्या नवऱ्याला इचार."

बनाबाईनं नवऱ्याला काही विचारलं नाही. पाटी मामांच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि त्यांचंच खोरं उचलून चार दणक्यांत बांध फोडला. आकाराम नुसता "अगं, अगं" करत राहिला.

"गप ऱ्हावा! माझी भाकरी परत जाती व्हय?"

मामा पाटी डोक्यावर घेऊन पाण्याच्या चालीनं शेपटापर्यंत गेले. पिराजीच्या पहिल्या सरीत पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी पिराजीच्या हातावर ठेवली.

मे महिन्यात पेपरात आलं, की दिल्लीत दोन्ही सरकारं बसली आणि कालव्यांना पाणी सोडायचं ठरलं. मामांनी बोटांवर दिवस मोजले. पाणी बंद होऊन महिना उलटून गेला होता. पाटावर आकारामाला गाठून ते म्हणाले, "दिल्लीत बनाबाई न्हवती की रं!"