डोक्याची तालीम

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठं भरणार? ते साठत राहतात, आणि कुणी चहा पाजला की बाहेर पडतात. आज तुम्ही पाजलात, तेव्हा आता ऐका.

माझं दुकान इंदापुरात, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. इंग्रजांचं राज्य होतं. रस्त्यावरून दिवसभरात उतारू नेणाऱ्या मोजक्या सर्व्हिस मोटारी जायच्या, आणि प्रत्येक मोटार बघायला अर्धं गाव उभं राहायचं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर तिघं जमायचे. एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळा तालुका नुसतं 'मास्तर' म्हणायचा. दुसरे वांगी-मिरचीचा मळा करणारे शंकरराव. तिसरे धोंडीआबा, निम्मा जन्म मेंढरांमागं घालवून आता शेतीला लागलेले. मी मशीनवर. मी मास्तरांचाच विद्यार्थी, त्यामुळं माझी तिशी उलटली तरी ते माझा कान धरू शकत होते. आणि धरत.

साठी झाल्यावर मास्तरांनी जाहीर केलं की अंगाला लागते तशी डोक्यालाही रोज तालीम लागते, नाहीतर गंज चढतो. मग त्यांनी नेम ठरवले. घरी रोज नव्या वाटेनं जायचं. शंभर पावलं उलटं चालायचं. काही लिहून ठेवायचं नाही, लक्षात ठेवायचं. जमेल ते काम डाव्या हातानं करायचं. दिवस मावळला की सकाळपासून काय केलं ते क्रमानं आठवायचं. सगळे नेम साधे होते. वांधा एवढाच, की मास्तर ते खरोखर पाळायचे.

*

नव्या वाटेचंच घ्या. गाव ते केवढं! दहा-बारा दिवसांत वाटा संपल्या. मग मास्तर लोकांच्या परसातून जाऊ लागले.

एके दुपारी ते एका घरात मागच्या दारानं शिरले आणि पुढच्या दारानं बाहेर पडणार, तोच घरधनीण समोर आली. तिनं विचारलं, काय पाहिजे? मास्तर म्हणाले, काही नाही, घरी चाललोय. बिचारीला वाटलं, एकटा म्हातारा, भुकेला असेल. तिनं पाट मांडला. मास्तर जेवले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच घरातून निघाले. मी म्हटलं, मास्तर, वाट रोज नवी पाहिजे ना?

"काल वांगं होतं," मास्तर म्हणाले. "आज भाजी नवी होती."

*

उलटं चालणं ते शंकररावांच्या मळ्यात करायचे. रस्त्यावर पोरं मागं लागत. मळ्यात विहीर, विहिरीवर मोट. मोटेचे बैल धावेच्या उतारावरून खाली जाताना भरलेली मोट ओढतात, आणि मग पावलापावलानं मागं सरत पुन्हा वर येतात. एका बाजूनं बैल मागं सरतायत आणि दुसऱ्या बाजूनं मास्तर, असं दोन महिने चाललं होतं.

मास्तर शंकररावांनाही आग्रह करायचे. उलटं चालल्यानं मेंदूचा न वापरलेला भाग जागा होतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

शंकररावांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, माझं बैल जल्मभर उलटं चालत्यात. त्यास्नी कुठं पाढं येत्यात?"

मास्तर दोन दिवस मळ्यात गेले नाहीत.

*

न लिहिण्याचा नेम मात्र मला बाधला. मास्तरांनी माझी मापाची वही उचलली आणि आढ्यावर टाकली. म्हणाले, शिंप्याचं डोकं हीच त्याची वही. मला ते पटलं. लहानपणी ज्याचा मार खाल्ला त्याचं मोठेपणी सगळंच पटतं.

आठवड्यात दोन कामं आली. एका काटकुळ्या कारकुनाचा कोट आणि एका पैलवानाची पैरण. मापं डोक्यात ठेवली. डोक्यात त्यांनी आपापसात जागा बदलल्या.

कारकुनानं कोट घातला तेव्हा आत अजून एक कारकून मावला असता. तो बरा, निदान कोट काढून गेला. पैलवानानं जोर लावून पैरण अंगात घातली, ती परत निघेना. हात वर करून तो दुकानभर फिरला. शेवटी मी शिवलेली पैरण मलाच कात्रीनं कापावी लागली. मी रडकुंडीला आलो होतो.

मास्तर ओट्यावरून सगळं बघत होते. म्हणाले, "गणपत, पैलवानाची छाती किती?"

"सेहेचाळीस."

"आणि कारकुनाची?"

"तीस."

"बघ. आता जन्मात विसरणार नाहीस."

अजून विसरलो नाही. पण वही त्याच दिवशी आढ्यावरून काढली.

*

धोंडीआबांवर मास्तरांचा फार डोळा होता. कारण आबांना विसाच्या पुढं मोजता यायचं नाही, आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती.

आबांचे भाऊ अजून मेंढरं राखून होते. त्यांचा कळप गावाजवळ उतरला तेव्हा मास्तर मुद्दाम गेले. म्हणाले, मोजल्याशिवाय कळतं कसं सगळी आली का? आणि मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहून स्वतः मोजू लागले. पहिल्यांदा एकशे त्रेचाळीस भरली, दुसऱ्यांदा एकशे एकेचाळीस. तिसऱ्यांदा मोजताना एका मेंढीनं त्यांना धक्का दिला आणि आकडा गेला.

आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. एकदा कळपाकडं बघितलं आणि म्हणाले, "कानफाटी न्हाय आली." गेले, आणि ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेली कानफाटी खांद्यावर टाकून घेऊन आले.

मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. चेहरे ओळखणं हीच खरी तालीम, असं म्हणून ते रोज कळपात जाऊन उभे राहायला लागले. पाचव्या दिवशी ओट्यावर येऊन त्यांनी अभिमानानं सांगितलं की आता आपण अकरा मेंढ्या तोंडावरून ओळखतो. आबा तंबाखू मळत राहिले. मास्तरांनी खोदून विचारलं, फरक पडला की नाही?

"पडला की," आबा म्हणाले. "समद्या मेंढरांनी तुमाला वळखलं. त्यांचं डोकं लई तल्लख झालं."

*

शंकरराव कुठलाच नेम पाळायचे नाहीत. दुपारी झोपायचे, संध्याकाळी पान खायचे आणि मजेत असायचे. मास्तरांना ते बघवेना. एका बाजारच्या दिवशी त्यांनी शंकररावांना ओट्यावर धरून बसवलं, आणि सकाळपासून काय काय केलं ते क्रमानं सांगायला लावलं. सुटका नाही म्हटल्यावर शंकररावांनी सुरुवात केली.

"सकाळी उठलो. म्हशीची धार काढली. वांगी तोडली. गाडी जुपली. सासूबाई आल्याती ना घरी, त्यास्नी बी गाडीत घेतलं. बाजारात पोचलो. सासूबाईस्नी म्हणलं, हितं पाटीपाशी बसा, मी बैलांस्नी पाणी दावून आलोच."

इथं ते थांबले. दिवस मावळला होता. समोरच्या दुकानात दिवा लागत होता.

"हं, पुढं?" मास्तर म्हणाले.

"पुढं काय न्हाय," शंकरराव उठत म्हणाले. "आजून आलो न्हाय."

धावत गेले तेव्हा रिकाम्या बाजारात सासूबाई एकट्या बसल्या होत्या. वांगी सगळी विकून झाली होती, आणि शेजारणीचा लसूणही. त्या काय बोलल्या ते शंकररावांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण तेवढा एक नेम त्यांनी पुढं कधी चुकवला नाही.

*

डाव्या हातानं मात्र घात केला.

मास्तरीणबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मास्तर घरात एकटे. मुलगा वसंत पुण्याला नोकरीत. वडिलांनी पुण्याला येऊन राहावं असा त्याचा कधीपासूनचा हट्ट, आणि मास्तरांचा नकार. अशात मास्तरांनी त्याला डाव्या हातानं कार्ड लिहिलं. मजकूर चोख होता: 'प्रकृती उत्तम. डोकं दिवसेंदिवस तल्लख होत आहे. काळजी नसावी.' पण निम्मी अक्षरं पालथी, निम्मी पत्त्यावर चढलेली, आणि सही कार्डाबाहेर गेलेली. ते पुण्याला पोचलं हेच नवल.

उलट टपाली उत्तर आलं. रविवारी सकाळच्या मोटारीनं एका डॉक्टर मित्राला घेऊन येतो. त्यांनी तपासून सांगितलं तर तुम्हाला घेऊनच जाईन, सामान बांधून ठेवा.

वसंतचं तरी काय चुकलं? गावात कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. मास्तर उलटे चालतात, लोकांच्या घरातून आरपार जातात, मेंढरांकडं टक लावून बघतात. डोकं शाबूत ठेवायला माणसानं जे जे केलं, त्यानंच तो वेडा ठरायची वेळ आली होती.

मास्तरांनी त्या संध्याकाळी ते उत्तर ओट्यावर आम्हाला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "पुण्यात मी कोण रे? वसंताचे वडील. इथं तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी माझा मार खाल्लाय."

मास्तर गेले असते तर आमच्या ओट्याचा नुसता दगड उरला असता. मग आम्ही तिघांनी त्यांची चार दिवस उलटी तालीम घेतली. सरळ चालायचं. पाणी उजव्या हातानं प्यायचं. घरी दारातूनच जायचं, आणि तेही स्वतःच्या.

*

रविवारी मोटार आली. मास्तर म्हणाले, परीक्षा घ्यायची तर माझ्या माणसांसमोर घ्या, ओट्यावर. डॉक्टर तरुण होता, हातात इंग्रजी पुस्तक. त्यात बघून तो विचारायला लागला.

वार कोणता? मास्तर म्हणाले, रविवार, आणि तुमची मोटार आज उशिरा आली. शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात. मास्तर त्र्याण्णव, शहाऐंशी करत श्वास न घेता दोनपर्यंत उतरले. मग त्यांनी डॉक्टरला विचारलं, "औटकी येते का तुम्हाला? साडेतीनाचा पाढा. म्हणा." डॉक्टर पाचव्या पायरीवर अडकला. मास्तरांचा हात त्याच्या कानाकडं निघाला होता, मी खोकलो म्हणून परत आला.

वसंतही हसायला लागला. शंकररावांनी चहा सांगितला. परीक्षा संपल्यातच जमा होती. डॉक्टरनं पान उलटलं आणि जाता जाता विचारलं, "पत्नीचं नाव?"

मास्तरांनी डॉक्टरकडं बघितलं, मग रस्त्याकडं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. वसंतचं हसू मावळायला लागलं.

धोंडीआबांनी काठी आपटली. "डाक्टरसाहेब, ह्ये काय इचारणं झालं? चारचौघांत बायकूचं नाव कुणी घेतंय व्हय? तुमी घेता?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. तोही आपल्यातलाच, त्याच्या घरीही तीच रीत. पुस्तक साहेबाचं आहे, चुकलं, म्हणून त्यानं ते मिटलं. वसंतला म्हणाला, यांचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे, राहू दे इथंच. वसंत वडिलांच्या पाया पडला, आणि दोघं परतीच्या मोटारीत जाऊन बसले. मोटार गावाच्या टोकाला पाणी भरायला थांबली. शंकररावांनी आनंदानं भज्यांची ऑर्डर दिली.

तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "गणपत, तिचं नाव काय होतं रे?"

माझा पाय मशीनवर थांबला. आधी वाटलं चेष्टा करतायत. तोंड बघितलं, चेष्टा नव्हती.

मी त्या माउलीच्या हातचे लाडू खाऊन मोठा झालो. शंकररावांनी तिला वर्षानुवर्षं वांगी पोचवली. पण मला ती मास्तरीणबाई, त्यांना वहिनी. नाव आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एकच माणूस मोटारीत बसला होता, आणि त्याला विचारणं म्हणजे मास्तरांचं सामान बांधणं.

धोंडीआबांनी घोंगडं ओट्यावर टाकलं आणि रस्त्यानं पळत सुटले. मी मागोमाग. मोटार नुकती हलली होती. आबा हात पसरून तिच्यापुढं उभे राहिले. ड्रायव्हरनं शिवी दिली. आबांनी वसंतच्या खिडकीत डोकं घातलं.

"वसंतराव, धाकट्या लेकाला मुलगी झालीया. मास्तरीणबाईवाणी गुणाची व्हावी म्हणून त्यांचंच नाव ठिवायचं हाय. काय हुतं नाव?"

आबांच्या धाकट्या लेकाचं अजून लग्न व्हायचं होतं.

वसंतचे डोळे भरून आले. म्हणाला, "बाबांना नाही का विचारलंत?"

"त्ये कसं सांगत्याल?" आबा म्हणाले. "आत्ताच बघितलंसा न्हवं?"

वसंतनं वाकून नाव सांगितलं. मोटारीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा मास्तर ओट्याच्या कडेला उभे होते. शंकररावांनी त्यांचा हात धरला होता. धोंडीआबा धापा टाकत पायरी चढले, मास्तरांच्या कानाशी गेले आणि हलक्या आवाजात ते नाव म्हणाले.

मास्तरांनी डोळे मिटले. मग त्यांनी मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."