सहा हकिगतींतली एकच लेक

कोपरखैरण्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी मदत केंद्र होतं. पुढच्या खोलीत बायका येत, मागच्या खोलीत 'माहिती विभाग' होता. विभाग म्हणजे शालन, एक लोखंडी कपाट आणि खळीची वाटी. वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवायची, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची आणि शनिवारी दुपारी कॉलेजचे विद्यार्थी झेलायचे.

शहाण्णव साली तर या विद्यार्थ्यांचं पीकच आलं होतं. कुणाला प्रबंध लिहायचा, कुणाला वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घ्यायच्या. प्रत्येकाला एकच हवं असे: मार खाल्लेली खरीखुरी बाई समोर बसवा, वीस प्रश्न विचारतो, सोमवारी सरांना द्यायचंय.

"बाया काय दुकानात मांडल्यात व्हय रं?" शालन म्हणे. "कागद घे, वाच, चालायला लाग."

कागद म्हणजे हकिगती. बायकांना विचारूनच लिहिलेल्या, पण नावगाव बदललेल्या. बदलायचं काम शालनचं. सातवी पास बाईला हा मान मिळाला तो मोत्यासारख्या अक्षरामुळे. कुणाला ती गोजरा करी, कुणाला विमल. बायकोचा हात मोडणाऱ्या नवऱ्याचं नाव नेमकं धर्मराज ठेवी आणि आपल्याशीच हसे.

कराडकडचा इंद्रजित अशा सहा हकिगती घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी तोंड पाडून परत आला.

"मावशी, तुमी माझा प्रबंध बुडवला."

"आता मी काय केलं बाबा?"

"सहा बायका, सहा गावं. अन् सहाही जणींच्या लेकीचं नाव ज्ञानेश्वरी? सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, इंद्रजितराव, कादंबरी बरी लिहिता."

शालनने कागद ओढून घेतले. उलव्याच्या कोळणीची लेक ज्ञानेश्वरी. तळोज्याच्या कामगाराची लेक ज्ञानेश्वरी. एकीला तर दोन मुलगेच होते. तिच्याही पदरात शालनने एक ज्ञानेश्वरी घालून ठेवली होती.

दारात उभ्या राजेश्वरीताईंनी सगळं ऐकलं. केंद्र त्यांचं, शिक्षण वकिलीचं. शालनची मुलगी खटावकडे, शालनच्या सासरीच राहिलीय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून शालन घरातून निघाली तेव्हा सासूने पोरीला दंडाला धरून आत ओढलं होतं आणि कडी लावली होती. शालन इकडे भावाकडे आली. भाऊ तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलणारा, मनाने चांगला. पण पोरीचा विषय निघाला की जेवणावरून उठे. तेव्हापासून शालनने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"हे खरं नाव आहे ना गं?" ताईंनी विचारलं.

"माझ्या लेकीचं. तिकडं खटावकडं सासूपाशी ऱ्हायलीया. लिहिताना हात आपसूक जातुया, ताई. मला कळलंबी न्हाई."

"बाहेर जाणाऱ्या कागदावर खरं नाव नको, हे तूच पोरांना शिकवतेस."

इंद्रजितची चेष्टा कुठल्या कुठे गेली. "मावशी, दिवाळीला मी गावी जाणार. वाकडी वाट करून बघून येऊ का तिला?"

शालनच्या ओठांवर आलं होतं. उंच झाली का, वेण्या कोण घालतं, अजून झोपेत बोलते का, एवढं बघून ये. तिने ते गिळलं.

"नको रं. तू बघून येशील, अन् मागं मार तिला पडंल."

मग ती नावं बदलायला बसली. कोळणीच्या लेकीला तिने हेतल केलं.

"मावशी, कोळणीच्या घरी हेतल?"

"मग तूच घाल बारसं!"

दोघांनी मिळून पाच जणींची नावं ठरवली. सहावी, दोन मुलग्यांच्या घरात घुसवलेली, खोडूनच टाकायची होती. तिथे पेन बराच वेळ नुसतं टेकून राहिलं. अखेर तिने रेघ ओढली.

ताईंनी पुढच्या खोलीतला एक अर्ज आणून तिच्यासमोर ठेवला. "दुसऱ्यांचे इतके भरलेस. हा आता तुझा. हा विद्यार्थ्यांकडे जायचा नाही, कोर्टात जाईल."

"ताबा मिळंल?"

"मिळेलच असं नाही सांगत. पण तू मागितलीस, एवढं तरी तिला कळेल."

"भाऊ चिडंल."

"चिडला तर माझ्याकडे पाठव."

मुलाचे नाव, या रकान्यात शालनने ज्ञानेश्वरी असं ठळक लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही. पुढचा रकाना वयाचा. तिथे तिने आठ लिहिलं.

"कितवीत आहे?" इंद्रजितने विचारलं.

"तिसरीत," ती म्हणाली, आणि थबकली. बोटांची पेरं मोजू लागली. मोजून झाली, पुन्हा एकदा मोजली.

"नववीत," ती हळूच म्हणाली. "शाळंत धाडत असतील तर." आणि आठ खोडून तिने चौदा लिहिलं.