चौकडीतली लाल रेघ

चेअरमन साहेबांनी तो बँड पाहिला तेव्हा दुष्काळ पडला नव्हता. पुण्यात कुठल्याशा समारंभाला गेले असताना त्यांनी चौकड्यांचे घागरे घालून बॅगपाईप वाजवणारे फौजी पाहिले आणि परत आल्यावर संचालक मंडळात ठराव करून घेतला. पुढच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाला आपल्या सहकारी साखर कारखान्याचाही असा बँड पाहिजे. पुढं अख्खा पावसाळा कोरडा गेला, उभा ऊस वाळून चिपाड झाला, पण ठराव काही रद्द झाला नाही.

मी कारखान्याच्याच शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवायची. केजवरून जीपनं यायची-जायची, पण त्या वर्षी कॉलनीत खोली मिळाली होती. गणवेश कुणी बघायचा असा प्रश्न निघाला तेव्हा माझं नाव पुढं आलं. शिवण आणि चित्रकला दोन्ही विषय एकाच बाईकडं, म्हणजे रंग बघायचं काम आपोआप तिचंच.

वाजवायला शिकवायचे ते हवालदार मामा. फौजेच्या बँडमध्ये उभी नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता कारखान्याच्या गेटवर रखवालदारांचे प्रमुख. आमच्याच बौद्धवाड्यातले. बारा रखवालदारांना त्यांनी आठ महिने ओरडून, दम देऊन वाजवायला शिकवलं होतं. सुरुवातीला ते लोक घागरा घालायला तयार नव्हते. मामा स्वतः एक दिवस घालून गेटवर उभे राहिले, दिवसभर. मग बाकीचेही तयार झाले.

कापड पंजाबातून आलं. अंग गडद हिरवं आणि निळं, चौकडी मोठी, तिच्यात बोटभर अंतरावर बारीक लाल रेघ आणि तिच्याहून बारीक पिवळी. मी ते शाळेच्या बाकावर पसरलं आणि मामांना बोलावलं.

"ह्याच्यावर काय चालतं, मामा?"

मामांनी लाल रेघेवर नख ठेवलं. "ही बघा. मोजे हिचे, पागोट्याचा तुरा हिचा. कोट गडद हिरवा, ह्या हिरव्याचाच. बुटावर पांढरे स्पॅट. जो रंग कापडात न्हाई, तो अंगावर आणायचा न्हाई."

स्पॅट म्हणजे बुटावर चढवायचं कापडी आवरण. बाकी सगळं मला लगेच पटलं. काठपदराच्या साडीला ब्लाऊज काठाच्या रंगाचा घ्यायचा, हे आम्ही बायका जन्मभर करत आलेल्या असतो. काम सोपं आहे असं वाटून मी त्या दिवशी खूश होते.

मग कामाला कारखाना लागला. कोटाच्या कापडासाठी मी मागणीपत्र लिहिलं आणि चौकडीतल्या हिरव्याचा एक तुकडा कापून त्याला टाचणीनं लावला. पत्र तीन टेबलांवरून गेलं. तुकडा कुठल्या टेबलावर गळाला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. स्टोअरच्या साहेबांनी पत्रात 'हिरवा' एवढंच वाचलं आणि फोनवरून हिरवा मागवला. आला तो मेंदीचा हिरवा. पिवळट, कडवट. चौकडीच्या शेजारी ठेवला की दोन्ही कापडं मळकी दिसायची. मी गठ्ठा घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "बाई, हिरवाच हाय की हा." मी त्यांना उन्हात चला म्हणाले. ते उन्हात आले नाहीत. कापड फाडून झालेलं होतं, परत जाणार नव्हतं.

पागोट्यांचं त्याहून वाईट. पाहुण्यांच्या स्वागताला कारखान्यात गुलाबी फेटे असायचे, तेच बँडला बांधा असा एका संचालकांचा आग्रह. चेअरमन साहेबांनाही ते आवडलं होतं. मी दोनदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन समजावलं, दोनदा त्यांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले. तिसऱ्या वेळी मामा माझ्याबरोबर आले. त्यांनी घागरा टेबलावर ठेवला, वर गुलाबी फेटा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात गुलाबी कुठं हाय ते मला दावा. घावला तर मी बांधतो." साहेबांनी खरंच वाकून शोधलं. मग हसले आणि गडद निळी पागोटी मंजूर केली. एवढी एकच गोष्ट आमच्या मनासारखी झाली.

राहिले मोजे. लाल लोकरी मोजे कुठंच मिळेनात. मी बीडला गेले, लातूरला गेले, शेवटी पांढरे मोजे घेऊन आले आणि रंगाच्या पुड्या. रंगवायचं काम मला चांगलं येत होतं. रंग उकळायचा, मीठ घालायचं, मोजे मुरवायचे, आणि मग पाणी नितळ निघेपर्यंत खळबळून धुवायचे. पाच-सहा पाण्यांतून काढल्याशिवाय लाल रंग बसत नाही.

टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. घरटी चार घागरी. मी रांगेत जास्तीच्या दोन घागरी घेऊन उभी राहिले. पुढच्या बाईनं विचारलं, "बाई, एकट्या जीवाला एवढं पाणी कावून?" मी खरं सांगितलं. मोजे रंगवायला. ती हसली नाही, रागावली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तोंड फिरवलं. तिच्या कडेवर तान्हं होतं. मी जास्तीच्या घागरी घरी नेऊन ठेवल्या आणि परत येऊन माझ्या चारच भरल्या.

चेअरमन साहेबांच्या ऑफिसात एक जादा टँकर मागितला. सध्या पाण्याची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे, असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं, म्हणून मला भांडताही आलं नाही. दोन दिवस आंघोळ न करता मी पाणी साठवलं. मामांचे धरून सव्वीस मोजे रंगले, रंग अगदी त्या रेघेसारखा उतरला. पण धुणं झालं एकाच पाण्यात. पाणी रक्तासारखं लाल निघत होतं. दुसरं पाणी नव्हतं. मी मोजे तसेच वाळत घातले. मामांना सांगितलं की ओले होऊ देऊ नका. ते म्हणाले, "पाऊस कुठला येतोय आता."

शुभारंभाच्या दिवशी सकाळी मी शाळेची मुलं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. गेटपासून मांडवापर्यंतचा रस्ता मातीचा. मंत्र्यांच्या गाड्यांनी धुरळा उडू नये म्हणून नऊ वाजता टँकर आला आणि त्यानं सगळा रस्ता भिजवला. एकदा गेला, परत आला, आणखी एकदा भिजवलं. कॉलनीतल्या बायका समोर उभ्या राहून ते पाणी मातीत जिरताना बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

बँड निघाला. वाजवलं फार सुरेख. मामा सगळ्यात पुढं, पाठ ताठ, घागऱ्याच्या चुण्या एका मापात हलत होत्या. ते कडू हिरवे कोटसुद्धा लांबून बरे दिसले. पण पाय आपटत चाललेले बारा जण चिखल उडवत होते, आणि मांडवापाशी थांबले तेव्हा मोजे भिजून लाल रंग पांढऱ्या स्पॅटवर उतरला होता. ओघळच्या ओघळ. मंत्र्यांच्या पत्नी शेजारच्यांना विचारत होत्या, या लोकांच्या पायांना लागलंय का. मामांनी खाली पाहिलं, आणि मान वर करून पुढची धून सुरू केली. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

कार्यक्रम झाल्यावर चेअरमन साहेबांनी मला मांडवाच्या मागं बोलावलं. संचालकही होते.

"बाई, रंग कच्चा आणला तुम्ही."

"रंग पक्का होता, साहेब. धुवायला पाणी न्हवतं. ते आत्ता रस्त्यावर ओतलं."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि पाहुणे जेवायला बसलेत म्हणाले. माझं उत्तर त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. फेट्यावाले संचालक म्हणाले, सगळंच गुलाबी असतं तर रंग उतरलेला दिसलाच नसता. यावर दोघंतिघं हसले.

संध्याकाळी मी गेटवर गेले. मामा खुर्चीवर बसून एकेक स्पॅट कोरड्या ब्रशनं घासत होते. डाग हलत नव्हते. मी माफी मागितली तर म्हणाले, "तुमी कावून माफी मागता? रंग बराबर होता. मी जवळून बघितला." मग ब्रश झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाले की फौजेत असताना असे स्पॅट घालून उभं केलं असतं तर आठवडाभर शिक्षा झाली असती.

हंगाम तीन आठवड्यांत आटोपला, ऊसच नव्हता. पुढच्या वर्षी पाऊस झाला. मी मोजे आणि स्पॅट परत मागितले, नीट धुवून देते म्हणून लेखी अर्ज दिला. महिन्यानं उत्तर आलं. बँडला यापुढं खाकी पँट राहील, घागरे निर्लेखित केले आहेत, म्हणजे नोंदवहीतून कायमचे काढून टाकले. घागरे कुणी नेले ते अर्जात विचारलेलं नव्हतं, म्हणून ते कुणी सांगितलंही नाही.

ते विचारायला मी दुसरा अर्ज लिहायला घेतला होता. मामांना दाखवायला गेले तर ते नव्या रखवालदारांना सूर लावून देत होते. त्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली. मी बराच वेळ थांबले, आणि मग शाळेची घंटा झाली म्हणून अर्ज तसाच घेऊन निघाले.