मोरीच्या जाळीतले केस

माणसाचं तोंड न बघता त्याच्या ताटात काय पडतं ते सांगणारी बाई उभ्या नवी मुंबईत एकच, आणि ती आमची घरमालकीण. घणसोली गावात त्यांच्या चाळीत आम्ही अकरा वर्षं काढली. सगळे त्यांना काकी म्हणायचे. खोली बघायला कोणी आलं की काकी नाव-गाव नंतर विचारायच्या, आधी डोकं बघायच्या. पाच खोल्या आणि काकींचं घर मिळून मोरी एकच. रोज सकाळी तिच्या जाळीत अडकलेले केस काकी काडीनं उचलायच्या, उन्हात धरायच्या आणि ज्याचे त्याला नेऊन दाखवायच्या. हो, बरोब्बर ओळखायच्या! एकदा मी पाहुण्यांना चहा देतेय आणि काकी दारात, काडीवर माझा गुंता लोंबतोय. "तुझंच हायत ना गं? शांपू कवरं बी बदल, उपेग नाय. केस तेल नाय मांगत, लोखंड मांगतान." पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

मग काय, माझी नॉनस्टिक कढई गेली परसात, कोंबड्यांना पाणी प्यायला. तिच्या जागी आली काकींची लोखंडी कढई, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. चवळीचा पाला तिच्यातच करायचा, वर लिंबू पिळायचंच. जेवल्यावर लगेच चहा घेताना दिसलं कोणी, की कप हातातून काढून घ्यायच्या. "खाल्लेलं सगलं वाया घालवतंस!" खाडीतले शिंपले आले की पाचही खोल्यांत वाटी वाटी पोचायची. शिंपल्यांत जस्त असतं, ते केसांना लागतं, असं मी पुढे पेपरात वाचलं आणि धावत सांगायला गेले, तर म्हणाल्या, "पेपरवाल्यांना आता कललं?" आमच्या ह्यांना मात्र त्यांनी साफ सोडून दिलं होतं. टकलाकडे बघून म्हणाल्या, "जावयबापू, तुमचं बियानंच तसं. खत वाया घालवत नाय मी."

काका वारले त्याच्या पुढच्या वर्षी जाळीत पांढरे केस दिसायला लागले, रोज थोडे जास्त. पाची खोल्यांत पांढऱ्या केसांचं कोणी नव्हतं. काकी ते केस गुपचूप उचलून टाकायच्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, चार पायऱ्यांना धाप. एक दिवस दुपारी डोकावले, तर चहात बेकरीतलं बटर बुडवून खात होत्या. तेच जेवण, रात्रीही तेच. आम्हाला वाट्या भरून देणारी बाई स्वतः उपाशी! चाळीत सगळ्यांना दिसत होतं, पण काकींना सांगणार कोण? शेवटी मीच काडी उचलली. पांढरा गुंता घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. "काकी, हे कोणाचे?"

"भाडेकरू हायस, भाडेकरूवानी ऱ्हा! म्हैना सरला का खोली खाली कर."

आठ दिवस बोलल्या नाहीत. "तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" म्हणून ह्यांनीही मला झापलं. नवव्या दिवशी काकी आपणहून जिन्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. "रांधतंय गं मी. पन ताटावर बसलं का समोर ते नसतान. घास फिरतंय तोंडात."

मी माझं ताट आणलं आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. मग रोजच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोह फार कमी निघालं, गोळ्या दिल्या. गोळ्यांवर काकींचा काडीचा विश्वास नव्हता, पण माझ्या देखत गिळायच्या. पाच-सहा महिन्यांनी कपाळावर इवले इवले पांढरे केस उभे राहिले. आरशासमोर त्या तेलाच्या हातानं ते चापून बसवायच्या, ते परत उठायचे. "बग गं, कशी मस्ती करतान!"

आता आम्ही नावड्याला राहायला आलोय. घर आपलं झालं, पण सामान हलवताना माझ्या मनात एकच घोर, काकींसमोर आता कोण बसणार? परवा दुपारी न राहवून फोन केला. कळलं की पहिल्या खोलीत नवी नर्स पोरगी आलीय, ती ड्युटीवरून आली की ताट घेऊन येते. मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब, जेवतंय. मंग बोलतंय," आणि फोन ठेवलासुद्धा.

त्या पोरीचा मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण कोणी माझ्या तोंडावर फोन ठेवलेला मला एवढा गोड कधी लागला नव्हता.