कंबरमोडीचा अर्क

मुलगी नोकरीला लागली आणि महाळुंग्याच्या जयमालाबाईंनी आकुर्डीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला नाव घातलं. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत. शिकवणाऱ्या अनुया मॅडमसुद्धा वयानं त्यांच्याहून लहान.

प्रकल्पासाठी त्यांनी बांधावर उगवणारी कंबरमोडी ही वनस्पती निवडली. लहानपणी शेतात खरचटलं की तिचाच पाला चोळून लावायचा. तिच्यात जंतू रोखायचा गुण खरंच आहे का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. पण पहिला प्रयत्न फसला. पाण्यात काढलेल्या अर्कात भिजवलेली कागदी टिकली जंतू वाढवायच्या बशीत ठेवली, तर जंतू टिकलीला खेटून वाढले. जयमालाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

“अल्कोहोलमध्ये काढून बघू. पाला सावलीत वाळवून आणा,” मॅडम म्हणाल्या.

पाला पडवीत सुपात वाळत पडला. राखणीला सासूबाई गोजाबाई. त्यांचा जरा डोळा लागला आणि शेळीनं सूप चाटूनपुसून साफ केलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाई घरात नाहीत. शोधत शोधत जयमालाबाई गावाजवळच्या एका कंपनीच्या भिंतीपाशी पोचल्या, तर म्हातारी ओटीत पाला खुडतेय आणि शेजारी गेटवरचा वॉचमनही वाकलेला.

“आत्याबाई, हे काय?”

“ह्यो इचारत हुता, काय चाललंय म्हणून. म्हटलं, सुनंचा अभ्यास हाय, नुसता बघत नगं राहू, तू बी तोड.”

या खेपेला शेळी बांधून ठेवली. अल्कोहोलमध्ये काढलेला नवा अर्क लावला आणि दुसऱ्या सकाळी बशी उघडली, तर टिकलीभोवती जंतू नसलेला स्वच्छ गोल! तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या औषधाच्या टिकलीभोवतीच्या गोलापेक्षा लहान, पण होता. जयमालाबाईंनी मॅडमना मिठीच मारली.

मग गोजाबाईंना प्रयोगशाळा दाखवायला आणलं. गोल बघून त्या म्हणाल्या, “एवढुसाच?” जयमालाबाई हसल्या. त्यांनी जांभळ्या पाण्याची नळी धरली आणि त्यात अर्काचे थेंब सोडले. हळूहळू जांभळा रंग उतरला, पिवळा झाला.

“रंग उतरवणाऱ्या अर्कातल्या ह्या द्रव्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात, आत्याबाई. ह्या जांभळ्या पाण्यात आहेत तसे शरीरात जे घटक नासधूस करतात, त्यांना हे आवरतं. निदान नळीत तरी.”

ते सगळं गोजाबाईंच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी पदर सावरला, स्टूल पुढं ओढलं.

“आता थेंब मला टाकू दे,” त्या म्हणाल्या.