रुखमाबाईची तहान

आमच्या गावच्या एसटी थांब्यावर कडुनिंबाखाली उन्हाळाभर दोन रांजण असतात. ते मारोती भरतो. शेजारीच माझं शिलाईचं दुकान. पाणी प्यायला आलेली माणसं चूळ भरतात, हात झटकतात आणि शिंतोडे माझ्या दारातल्या कापडांवर येतात. मग मी मारोतीवर खेकसतो. तो हसतो आणि पुढच्याचा लोटा भरून देतो. अशी आमची दोस्ती.

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव कापसाचं. वेचणीच्या दिवसांत मारोती शेतात पाणी वाहायचा. बाया ओळी धरून पुढे सरकत आणि हा खांद्यावर कॅन घेऊन त्यांच्या मागे. कुणी हात वर केला की थांबायचं, पाजायचं, पुढे जायचं. त्याच्या आजोबाला याच गावच्या विहिरीवर, वरून कुणी पाणी ओतेपर्यंत ओंजळ करून बसून राहावं लागे. मारोतीने ते पाहिलेलं नाही, घरात ऐकलेलं. त्यावर तो कधी भाषण देत नसे. पाणी मागणाऱ्याला थांबवायचं नाही, एवढा एकच हट्ट त्याने आयुष्यभर धरला.

आणि अशा माणसाची बायको दिवसभर कोरडी राहायची. रुखमाबाई वेचणीत सगळ्यांच्या पुढे. सकाळी चहा घेऊन निघाली की संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा घोट नाही. तीच कशाला, आमच्याकडच्या कितीतरी बाया अशाच. उघडं रान, धुऱ्यापलीकडे म्हणजे बांधाच्या पल्याड पुरुष माणसं, लघवीला जायचं कुठे? म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा त्यांनी शोधलेला उपाय. मला याचा संताप येतो. नवी मोटरगाडी सगळ्या गावाला दाखवत फिरणाऱ्या शेतमालकाला चार काठ्यांना जुनी साडी गुंडाळून आडोसा करायचं सुचत नाही. मारोती बायकोपुढे लोटा धरायचा आणि ती म्हणायची, "दुसरीले द्या. मले नाई लागत तहान."

मागच्या वेचणीत धुऱ्यावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. मारोतीला एकट्याला तिथलं काही उमगलं नसतं, म्हणून मी दुकान बंद करून सोबत गेलो. त्यांची मुलगी पायल नेरला दिलेली आहे, ती तिकडून थेट आली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. रात्रीनंतर काही खायचं नाही, असं नर्सने सांगितलं. पाण्याला तोवर कुणाची ना नव्हती. पण रुखमाबाईने पाणी दुपारीच सोडलं होतं. कारण तेच. मोडका पाय घेऊन उठता येत नाही, पलंगावरच भांडं घ्यायचं, ते परक्या बाईने उचलायचं आणि पलीकडच्या पलंगाशी चार माणसं बसलेली. तिने आपला रानातला उपाय इथेही चालवला. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या ती वर्षानुवर्षं घेत होती, त्या मात्र घेतल्या. मारोती गिलास घेऊन उभा राहिला तर म्हणाली, "नाई लागत म्हटलं ना."

हाड चांगलं बसलं. पण टेबलावर तिचं बीपी एकदम खाली गेलं आणि बराच वेळ वर यायला तयार होईना. भूल देणारी डॉक्टर तरुण होती. तिने मारोतीला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, कमरेत भूल दिली की बीपी थोडं उतरतंच, ते आम्ही सांभाळतो. पण यांचं शरीर आधीच कोरडं पडलं होतं. सलाईन दिलं, औषधं दिली, तरी चढायला वेळ लागला. तेवढ्यात किडनीला रक्त कमी पडलं. त्यात त्या दुखण्याच्या गोळ्या. पाणी पीत नव्हत्या का त्या?"

"मी देत होतो, बाई," मारोती म्हणाला.

मग आम्ही तिघे पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसलो. मी माझ्या पोरांच्या निकालाची एवढी वाट पाहिली नव्हती. नळीत जरा पिवळं दिसलं की पायल उठून उभी राहायची. ते तेवढंच राहायचं.

किडनी चालेना, म्हणून तिचं पाणी बंद झालं. शरीरात गेलेलं बाहेर पडत नाही, ते फुफ्फुसांत साठेल, असं डॉक्टरांनी समजावलं. औषधाच्या बाटलीचं टोपण भरून, तेही थांबून थांबून द्यायचं. आणि आता रुखमाबाईला तहान लागली. जन्मात जिने पाणी मागितलं नाही, ती डोळे उघडले की पाणी मागायची.

मारोती ओल्या कापसाचा बोळा तिच्या ओठांवर फिरवायचा. पहिल्या दिवशी ती हसली. "जनमभर कापूस येचला, आता तोच चोखायला देता का?" दुसऱ्या दिवशी हसली नाही. मारोतीचा हात धरून म्हणाली, "पायलचे बाबा, एक घोट द्या. कोनाले सांगत नाई मी."

"डॉक्टर नाई म्हनते."

"आख्ख्या गावाले पाजलं तुमी. मलेच नाई म्हनता?"

त्याने हात सोडवून घेतला आणि बाहेर आला. थोड्या वेळाने आत गेला तेव्हा शेजारच्या रोग्याचा पाहुणा बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होता आणि रुखमाबाई त्याच्या गळ्याकडे बघत होती. मारोती त्याच्यापुढे हात जोडून म्हणाला, "दादा, बाहेर जाऊन प्या." पाणी पिणाऱ्या माणसाला मारोतीने थांबवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो माणूस चिडून काहीबाही बोलला. मारोतीने ऐकून घेतलं.

डायलिसिसचं मशीन लावलं. मशीन सुरू झालं की बीपी पुन्हा उतरायचं आणि ते अर्ध्यावर बंद करावं लागायचं. दर वेळी पायल आशेने आईला आत सोडायची आणि दर वेळी तोंड पाडून परत यायची. मग रुखमाबाईला धाप लागायला लागली, पायांवर सूज चढली, बोलताना वाक्य पुरं होईना.

एका सकाळी तीच डॉक्टर बाहेर आली. "आता मशीन त्यांना झेपत नाही, बाबा," ती म्हणाली. "सुई टोचायचंही आम्ही थांबवतो आहोत. त्या मागतील ते द्या. पाणी मागतात ना? द्या पाणी."

पायलचा चेहरा उजळला. "म्हणजे किडनी सुरू झाली?"

डॉक्टरने नुसता तिचा हात हातात घेतला. मारोतीला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. पायल तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली, आणि तो गिलास घेऊन नळावर गेला. गिलास विसळला, पुन्हा विसळला, काठोकाठ भरला. त्याच दिवशी दुपारी रुखमाबाई गेली. पण त्याआधीचं ते पाणी मी पाहिलं आहे आणि ते डोळ्यांपुढून हलत नाही.

मारोतीने तिच्या मानेखाली हात घालून तिला उचललं. तिने गिलास पाहिला, मग दाराकडे पाहिलं. "डॉक्टरीन रागावन."

"नाई रागावत. तिनंच सांगतलं."

"पुरा गिलास?"

"पुरा."

ती प्यायली. मध्ये धाप लागायची, थांबायची, पुन्हा ओठ पुढे करायची. थोडं हनुवटीवर सांडलं, ते तिने बोटाने पुसून बोट चाटलं. गिलास रिकामा झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"म्हंजे सुधरली मी," ती म्हणाली.

"व्हय."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, पण दुखावल्यासारखी. "पानी प्याल्यानं काईच तं झालं नाई. मंग इतके दिवस काहून नाई देलं मले?"

मारोतीने रिकामा गिलास दोन्ही हातांत धरला होता.

"चुकलं माहं," तो म्हणाला.

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. हे सांगायला मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, पण तोंड उघडता आलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे आज पाणी का मिळालं, हेही तिला सांगावं लागलं असतं.