मशिनी बोलत्यात

इस्लामपूरच्या साखर कारखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटरमामांना लाइनवरची खरखर सोसायचीच नाही. खरखर ऐकली की ते मध्येच विचारत, “हालो, आवाज येतोय न्हवं?”

मी तिथं कॉम्प्युटरवर कामाला होतो. आमचा ऊस-वजनाचा प्रोग्रॅम मोडेमवरून, म्हणजे फोनच्याच लाइनीतून, पुण्याच्या कॉम्प्युटरवर जायचा. जुन्या-नव्या सगळ्या दुरुस्त्या तिथं सांभाळून ठेवत. पण मोडेमची खरखर सुरू झाली की मामा हालो करत आणि लाइन तुटे.

“मामा, ती खरखर म्हणजे दोन मशिनींचं बोलणं,” मी शेवटी सांगितलं.

“आन् म्या मधी तोंड घालत हुतो व्हय!” मामांनी जीभ चावली.

गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रोग्रॅम पुण्याला निघाला आणि नेमके चेअरमनसाहेब फोन लावायला आले. मामा टेलिफोनच्या बोर्डापुढं हात पसरून उभे. “आवं सायेब, दम धरा. मशिनी बोलत्यात.”

मी घाबरून चेअरमनांकडं पाहिलं. चेअरमन मात्र गुमान स्टुलावर बसले.

“पोचलं!” मी ओरडलो.

“पुण्याची मशीन काय म्हनली?” मामांनी विचारलं.

“मिळालं म्हणाली.”

“एवढंच? च्या-पानीबी इचारलं न्हाई?” मामांनी तडक पुण्याला फोन लावला. “तुमच्या मशीनला आमचा रामराम सांगा.”

“माझाबी सांगा,” स्टुलावरून चेअरमन म्हणाले.